मेलबर्नचे तीन गोल

फुटबॉलच्या मैदानावर एका बाजूचे अकरा खेळाडू उतरतात. परंतु त्यांतील एकाचे जिणे बाकीच्या दहांहून काहीसे निराळे असते. तो आघाडीच्या मधोमध, प्रतिपक्षाच्या गोलच्या सर्वांत जवळ उभा असतो. पुष्कळदा दहा-दहा मिनिटे चेंडू त्याच्या वाट्याला येत नाही. तो मोकळ्या जागेत धाव घेतो, चेंडू दुसरीकडे जातो. तो परत फिरतो आणि पुन्हा धाव घेतो. दीड तासाच्या या येरझाऱ्यांत दोन-तीनच क्षण असे येतात की ज्यांसाठी त्याला संघात घेतलेले असते. संधी साधली तर प्रेक्षक त्याला खांद्यावर घेतात. हुकली तर तेच प्रेक्षक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. आमच्या वेळी शाळेत या जागेला ‘सेंटर फॉरवर्ड’ म्हणत. हल्लीची मुले ‘स्ट्रायकर’ म्हणतात. नाव पालटले तरी त्या जागेचा एकटेपणा पालटलेला नाही. आपल्या शाळेच्या संघात ही जागा मी तीन वर्षे सांभाळली. तेव्हा अधिकाराने नव्हे, पण अनुभवाने हे लिहीत आहे.

या जागेवर खेळलेल्या एका माणसाची हकीगत मला विद्यार्थिमित्रांना सांगावयाची आहे. त्याचे नाव नेव्हिल डिसूझा. गतवर्षी आपल्या शाळेत चार शब्द बोलण्याचा प्रसंग आला, तेव्हा हे नाव कोणास ठाऊक आहे असे मी विचारले. एकही हात वर झाला नाही. यात मुलांचा दोष नाही. परदेशी खेळाडूंची नावे, त्यांचे क्रमांक, त्यांच्या केसांची ठेवण हे सारे मुलांना मुखोद्गत असते, कारण ते रोज समोर दिसते. आणि नेव्हिल आता कोठेच दिसत नाही.

मलाही हे नाव प्रथम ऐकायला मिळाले ते महाविद्यालयात असताना, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये. सदलग्याहून दूधगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो आणि इचलकरंजीवरून कोल्हापूर काही फार लांब नाही. पण आमच्या गावी खेळ म्हणजे कुस्ती आणि कबड्डी. कोल्हापुरात मात्र तालमींनीच फुटबॉलला आसरा दिलेला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी संघांची नावे ऐकली की परक्या माणसाला वाटावे, हे पैलवानांचे फड आहेत! सामना असला की पेठाच्या पेठा स्टेडियमकडे लोटतात. त्या गर्दीत माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ नेहमी बसत. एकदा एका खेळाडूने लागोपाठ दोन गोल केले आणि आम्ही पोरे नाचू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “दोन मारले तर एवढं नाचतायसा. ऑलिंपिकात तीन मारलेत आपल्या मुंबईच्या एकानं, तेबी एकाच म्याचमधी.” मला ती थाप वाटली. भारताने ऑलिंपिकमध्ये हॉकी जिंकली हे पाठ होते. फुटबॉलचा आणि आपला तेथे काय संबंध? पुढे ग्रंथालयात बसून मी शोध घेतला आणि म्हातारबाबांचे बोलणे अक्षरशः खरे निघाले.

नेव्हिलचा जन्म ३ डिसेंबर १९३२ रोजी गोव्यातील आसगाव येथे झाला. बार्देश महालातील हे गाव त्या काळी पोर्तुगीज अंमलाखाली होते. गोवा मुक्त झाला तो १९६१ च्या डिसेंबरात. त्या दिवसांत हजारो गोवेकर कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईत येऊन राहत. नेव्हिलचा खेळही बहरला तो मुंबईत, टाटांच्या संघाकडून खेळताना. (त्याला मी ‘अहो-जाहो’ करीत नाही याबद्दल वाचकांनी राग मानू नये, मैदानावरच्या खेळाडूला प्रेमाने एकेरीच हाक मारली जाते.) त्याचा धाकटा भाऊ डेरेक हाही पुढे भारताकडून खेळला.

त्या काळच्या मुंबईतील फुटबॉलची रीत आजच्या मुलांना समजावून सांगितली पाहिजे. खेळाडूला खेळाचा पगार असा मिळत नसे. टाटा, कॅल्टेक्स यांसारख्या कंपन्या आणि रेल्वे आपापले संघ बाळगीत आणि चांगल्या खेळाडूला नोकरी देत. सकाळी सराव, दिवसा कचेरी आणि सायंकाळी कूपरेज मैदानावर हारवुड लीगचा किंवा रोव्हर्स करंडकाचा सामना, असा हा क्रम. हजेरीपटावर नाव कारकुनाचे असे, पण कूपरेजच्या तिकिटांसाठी रांगा लागत त्या त्याच नावासाठी! यात ऐश्वर्य नव्हते. मात्र भाकरीची भ्रांतही नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे मला तिचा उपयोग करावयाचा आहे.

आता १९५६ साल. आमच्या घरात या सालाचे नाव वेगळ्याच कारणासाठी निघत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि चिकोडी तालुक्यासह आमचे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आजोबा सांगत, की रात्री निजलो ते एका राज्यात आणि उठलो ते दुसऱ्या. नदी तेथेच, ऊस तेथेच, फक्त सरकारी कागदाचा मथळा बदलला. त्या धामधुमीत कोणाचे लक्ष मेलबर्नकडे असणार? पण बरोबर एका महिन्याने, म्हणजे १ डिसेंबरला, भारतीय फुटबॉल संघ तेथे ऑस्ट्रेलियाच्या यजमान संघासमोर उभा ठाकला होता.

या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. ते हैदराबादचे आणि पेशाने शाळामास्तर. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तो काही मुलांनी पाहिला असेल. कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी, उजव्या बगलेवर तरुण पी. के. बॅनर्जी आणि मधोमध नेव्हिल. पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशी पडावयाची होती. हंगेरी म्हणजे १९५२ चा ऑलिंपिक विजेता. परंतु त्यांच्या देशात त्या शरद ऋतूत रक्तपात झाला होता आणि त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. त्यामुळे भारताला पुढची चाल मिळाली. आधी चार वर्षे हेलसिंकीला याच भारताने युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ला होता. आपले अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत; त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. तेव्हा मेलबर्नला आलेल्या या संघाकडून कोणी फारशी अपेक्षा बाळगली नसेल तर नवल नाही.

सामन्याच्या ९ व्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. १७ व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने तो फेडला. ३३ व्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा गोल. ४१ व्या मिनिटाला मॉरोने पुन्हा बरोबरी साधली. मध्यंतराला २-२.

येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. जो स्वतः या जागेवर खेळला आहे त्यालाच या मध्यंतराचे ओझे कळेल. आपण आपले काम दोनदा केले आणि दोन्ही वेळा ते पुसले गेले. अशा वेळी माणूस दोन प्रकारे वागतो. एक तर मनात म्हणतो, मी माझा वाटा उचलला, आता इतरांनी पाहावे. नाही तर पहिला गोल अजून व्हावयाचाच आहे अशा समजुतीने मैदानावर परत जातो. पहिल्या प्रकारचे सेंटर फॉरवर्ड मी पुष्कळ पाहिले, आणि ते वाईट खेळाडू नव्हते. नेव्हिल दुसऱ्या प्रकारचा निघाला. ५० व्या मिनिटाला त्याने तिसरा गोल केला, आणि या वेळी तो कोणाला फेडता आला नाही. दहा मिनिटे उरली असता किट्टूने चौथा गोल मारला व भारताने ४-२ असा विजय मिळविला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये उपांत्य फेरी गाठणारा भारत हा आशियातील पहिला संघ ठरला, आणि एकाच सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. हा विजय योगायोगाचा नव्हता याचा पुरावा त्याच महिन्यात मिळाला. ऑलिंपिक आटोपल्यावर सिडनीत याच दोन देशांचा पुन्हा सामना झाला, तो भारताने ७-१ असा जिंकला.

३ डिसेंबरला नेव्हिलला चोवीस वर्षे पूर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवशी उपांत्य सामना होता, समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. हेलसिंकीचे ते दहा गोल विसरणे कोणाला शक्य होते? तथापि पूर्वार्धात दोन्ही बाजूंना गोल झाला नाही, आणि मध्यंतरानंतर थोड्याच वेळात नेव्हिलने भारताला आघाडी मिळवून दिली. भारत १, युगोस्लाव्हिया ०! ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या इतक्या जवळ भारतीय फुटबॉल त्यापूर्वी कधी गेला नव्हता आणि त्यानंतरही गेलेला नाही. ती आघाडी काही मिनिटेच टिकली. युगोस्लाव्हियाने एकामागून एक गोल केले, एक तर आपल्याच खेळाडूकडून आपल्यावर चढला, आणि सामना ४-१ असा हातचा गेला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ७ डिसेंबरला बल्गेरियाने आपल्याला ३-० असे हरविले. भारत चौथा. चौथ्याला पदक नसते.

स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे चार गोल करणारे खेळाडू तीन होते : बल्गेरियाचा मिलानोव्ह, युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि भारताचा नेव्हिल डिसूझा. पहिल्या दोघांच्या गळ्यात पदके होती. शिवाय ६ डिसेंबर हा दिवस पाहा. त्या दिवशी पहाटे दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले आणि ७ तारखेला मुंबईत दादरला जनसागर लोटला. त्याच ६ तारखेला मेलबर्नमध्ये आपल्या हॉकी संघाने पाकिस्तानला १-० असे नमवून सुवर्णपदक मिळविले. शोकाला आणि आनंदाला अशी दोन मोठी कारणे असताना चौथ्या आलेल्या फुटबॉल संघाचे कौतुक मनात मागे पडले असेल, तर त्यात अस्वाभाविक काय?

परंतु त्यानंतरच्या वर्षांतही ते मागेच राहिले, हे मला खटकते. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाले. त्या यादीत पी. के. बॅनर्जी पहिल्याच वर्षी आहेत, नेव्हिलचे नाव कोठेच नाही. १९८० च्या मार्चमध्ये तो वारला, तेव्हा तो अवघा सत्तेचाळीस वर्षांचा होता. भारत ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये अखेरचा खेळला तो १९६० मध्ये रोमला. म्हणजे मेलबर्नचे ते तीन गोल मोडण्याची संधीदेखील आपल्या कोणा खेळाडूला साठाहून अधिक वर्षांत मिळालेली नाही.

गोल करणाऱ्याच्या वाट्याला असे विस्मरण येणे हा केवळ आपल्याच देशाचा रिवाज आहे असेही म्हणता येत नाही. योसेफ बिकान हा चेक वंशाचा सेंटर फॉरवर्ड १९१३ मध्ये व्हिएन्नात जन्मला आणि प्राग शहराच्या स्लाव्हिया संघाकडून त्याने गोलांचा असा पाऊस पाडला, की कारकिर्दीच्या शेवटी त्याच्या नावावर आठशेहून अधिक गोल होते. १९४८ मध्ये त्या देशात राजवट बदलली. बिकान नव्या सत्तेपुढे झुकेना, आणि एवढ्या मोठ्या खेळाडूला पुढील आयुष्यात अंगमेहनतीची कामे करून दिवस काढावे लागले. २००१ मध्ये तो मरण पावला. जगाला त्याची पुन्हा आठवण झाली ती २०२१ मध्ये, रोनाल्डोने त्याचा आकडा गाठला तेव्हा. मोडला जाण्यासाठी का होईना, बिकानचा आकडा कोणीतरी वहीत लिहून ठेवला होता.

असो. ही हकीगत आत्ताच का सांगतो, ते सांगितले पाहिजे.

माझा पुतण्या आपल्याच शाळेत दहावीत आहे. तो सेंटर फॉरवर्ड खेळतो, आणि घरचा म्हणून सांगत नाही, पण डाव्या पायाने मी कधी खेळलो नाही इतके चांगले खेळतो. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, ऊस आणि दोन म्हशी यांवर घर चालवितात. एके दिवशी जेवताना ते मला म्हणाले, “खेळून पोट भरतंय व्हय रे? तू खेळलास, मग पुढं काय झालं?” प्रश्न रोखठोक होता. वडील आजारी पडले तेव्हा मी विसाव्या वर्षी खेळ सोडून मळ्यात आलो. त्याचा मला खेद नाही. उसालाही माणूस लागतो. पण अण्णांच्या प्रश्नाला टाळाटाळ करून भागणार नव्हते. मी त्यांना टाटांच्या संघाची गोष्ट सांगितली, रेल्वेतील, पोलिसांतील, सैन्यातील खेळाडूंच्या नोकऱ्यांची गोष्ट सांगितली. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे नाव घेतले. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा तो भारताच्या आघाडीत होता. पण त्याबरोबर हेही सांगितले, की शेकडो पोरांत एखाद्याचे असे होते. बाकीच्यांना माझ्यासारखे मळ्यात यावे लागते. खोटी आशा दाखवून मुलगा मागून घेणे मला पटत नाही.

अण्णा विचारात पडले, पण नाही म्हणाले नाहीत. तेव्हा नदीपलीकडच्या एका निवासी क्रीडाकेंद्राकडे आम्ही अर्ज धाडला. महिन्याने तो परत आला. रहिवासाचा दाखला दुसऱ्या राज्याचा आहे, सबब अर्ज विचारात घेता येत नाही, असा त्यावर शेरा. नियम म्हणजे नियम. त्यावर मी वाद घालीत नाही. पण पोर दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी गोठ्यात माझ्याजवळ येऊन त्याने विचारले, “काका, नेव्हिल डिसूझाला कुणी रहिवासाचा दाखला मागितला नव्हता का? त्यो तर पोर्तुगीजांच्या गावात जन्मला होता.”

मी काहीच बोललो नाही. १९५६ च्या डिसेंबरात आसगाव भारतात नव्हते, आणि भारताचे चार गोल आसगावच्या मुलाने केले होते. हे मी स्वतः त्याला सांगितले होते, पण त्याचा असा अर्थ माझ्या मनात कधी आला नव्हता.

त्या रात्री आमच्या घरी बैठक बसली. आई (म्हणजे त्याची आज्जी) म्हणाली, “पलीकडं न्हाई घेतलं तर अलीकडं मैदानं न्हाईत व्हय?” तिला फुटबॉलमधले काही कळत नाही, पण बोलणे खरे होते. बेळगावला छावणीच्या भागात आणि मिशनच्या शाळांच्या पटांगणांवर फुटबॉल फार पूर्वीपासून खेळला जातो. शिवाय आम्हां सीमेवरच्या लोकांची एक खोड आहे : आपण सदैव नदीपलीकडे पाहतो आणि आपल्या पाठीमागे काय आहे ते पाहत नाही. संतोष करंडक ही राज्या-राज्यांमधली राष्ट्रीय स्पर्धा. म्हैसूर राज्याने ती चार वेळा जिंकली होती, आणि २०२३ च्या मार्चमध्ये अरबस्तानात रियाध येथे कर्नाटकाने मेघालयाला ३-२ असे हरवून ५४ वर्षांनी पुन्हा तो करंडक आणला. ज्या राज्याचा दाखला पोराच्या हातात आहे, त्याच राज्याची ही कमाई. पोराने ते ऐकले आणि मोबाईलवर तो अंतिम सामना शोधून काढला. रात्री बारापर्यंत तो पाहत होता. अण्णाही उशीला टेकून पाहत होते, पण आपण पाहत नाही असे दाखवीत होते.

ठरले ते असे. दहावीची परीक्षा होईपर्यंत सराव सकाळी एक तास, त्याहून जास्त नाही. परीक्षा झाल्यावर बेळगावला मामांच्या घरी राहावयाचे, तेथेच महाविद्यालयात नाव घालावयाचे आणि तेथील एखाद्या संघाकडून खेळावयाचे. दोन वर्षांनी पुन्हा बैठक. पेपरांत गुण कमी पडले तर बैठक आधीच भरेल, असे अण्णांनी बजावले आहे.

सध्या मुलगा पहाटे उठून शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर चेंडू मारीत असतो. भिंतीवर त्याने कोळशाने तीन चौकोन काढले आहेत. मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा ते लवकरच पुसून टाकतो म्हणाला, पण अद्याप पुसलेले नाहीत. पहिल्या चौकोनात ९, दुसऱ्यात ३३ आणि तिसऱ्यात ५० असे आकडे आहेत. ज्यांना त्यांचा अर्थ लागत नव्हता त्यांच्यासाठी हा लेख.

गेल्या बाजारी अण्णा निपाणीला गेले होते. येताना खताच्या पावतीबरोबर पिशवीत फुटबॉलचे बूट घेऊन आले. पोराने ते पायांत घातले तर अंगठ्यापुढे दोन बोटे जागा राहिली. अण्णा म्हणाले, “मुद्दाम मोठे घेतलेत. कापूस भर पुढं. दोन वर्षं चालाय पायजेत.”